कोरस घरी जात नाही

पार्सिपनी, न्यू जर्सी
१६ ऑगस्ट २००३

तीर्थरूप वन्संना शैलाचा वाकून नमस्कार (तुमच्या गुडघ्यांना धक्का न लावता, लांबूनच).

गुडघे कसे आहेत? मी पाठवलेला पट्टा बांधता ना, की 'अमेरिकेचा आहे, मळेल' म्हणून कपाटात घडी घालून ठेवलाय? बांधा हो. आम्ही इकडे सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, पण त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. पत्र पुरतं वाचा आणि मग तुम्हीच काय ते ठरवा.

तुम्ही म्हणाल, फोन करायचा सोडून ही बया पानंच्या पानं का लिहीत बसलीय? त्याचं असं आहे, फोन आमच्या स्वयंपाकघरात आहे, आणि स्वयंपाकघरात कोरस आहे. मी फोनवर जे बोलेन ते बारा माणसं एका सुरात परत म्हणतात आणि शेवटी 'हाय रे दैवा!' जोडतात. परवा मी दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट कॅन्सल केली, तर पलीकडची मुलगी घाबरून विचारायला लागली की घरात काही वाईट तर नाही ना घडलं. म्हणून हे पत्र मी वाण्याच्या दुकानाबाहेर पार्किंग लॉटमध्ये, गाडीत बसून, स्टिअरिंगवर पॅड टेकवून लिहितेय. (मध्येच अक्षर वाकडं गेलं तर समजा, कोपर हॉर्नवर पडलं.) तर मुद्दा एवढाच: तुमच्या भावाला आवरा. मला तो जुमानत नाही, मुलीला जुमानत नाही. जगात फक्त तुम्हालाच भितो.

पण मुळापासून सांगते. ह्यांना रिटायर होऊन दीड वर्ष झालं. औषधांच्या कंपनीत सगळा जन्म गेला, त्यांनी निरोपाचा केक कापला, भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून हे जे खिडकीपाशी खुर्ची टाकून ड्राइव्हवेकडे बघत बसले ते बसलेच. बोलणं बंद. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं 'हं'. डावीकडचा बर्नर मंद जळतोय म्हटलं, 'हं'. पुढच्या दारचं निळ्या फुलांचं हायड्रेंजियाचं झाड वाळलं म्हटलं, 'हं'. आज उगाचच आईची आठवण येतेय म्हटलं, त्यालाही 'हं'. तुमच्याशी फोनवर 'बरंय, बरंय' म्हणायचे आणि तुम्हाला वाटायचं चंदू बिल वाचवतोय. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हृदय तपासलं, सगळं उत्तम. न बोलण्याची टेस्ट नसते म्हणाले. मी दिवसभर रेडिओ लावून ठेवायला लागले, घरात कुणीतरी पुरं वाक्य बोलावं म्हणून. तुम्हाला कधी कळू दिलं नाही वन्सं, पण मला माझ्याच घराची भीती वाटायला लागली होती.

शेवटी ऋताने अ‍ॅशबर्नहून हालचाल केली. (ती मराठीत सुरू करते आणि पहिल्या स्वल्पविरामानंतर इंग्रजीत जाते, पण पोरीला बापाची काळजी आहे.) इथल्या कॉलेजात म्हाताऱ्यांना मागच्या बाकावर फुकट बसू देतात. बागकामाचा वर्ग भरला होता, टॅक्सचा भरला होता, पोहण्याचा तर कधीच भरला होता. जागा फक्त एका वर्गात होती: प्राचीन ग्रीक रंगभूमी, संज्ञा आणि संकल्पना. हे गेले. परत आले ते दारातच उभे राहून म्हणाले, "शैला, तुला माहितेय का, त्यांच्या नाटकात खून कधी रंगमंचावर होत नसे. आत व्हायचा आणि दूत बाहेर येऊन सांगायचा!" वन्सं, सव्वा वर्षातलं ते पहिलं पूर्ण वाक्य. मी हातातला पोळपाट तसाच धरून उभी राहिले. खुनाच्या बातमीने इतका आनंद झालेली बाई जगात मीच असेन.

तो आनंद आठवडाभर टिकला. मग घरातल्या प्रत्येक गोष्टीला ग्रीक नाव पडायला लागलं. आमटीत मीठ जास्त झालं की 'हमार्टिया': म्हणजे पाप नाही हो, नेम चुकणं, भल्या माणसाच्या हातून झालेली चूक. (चाळीस वर्षांपूर्वी तुमच्या आईंनी त्याला नुसतं 'खारट' म्हटलं असतं.) मी म्हटलं, माझ्यासारखी आमटी अख्ख्या पार्सिपनीत कुणी करत नाही, तर ती 'ह्युब्रिस', म्हणजे असला माज की देवसुद्धा कान टवकारून बघतात. आम्ही दोघं तावातावाने एकेक वाक्य फेकून भांडलो, तर भांडण अर्ध्यात थांबवून मला सांगतात की एकेका ओळीच्या अशा जुगलबंदीला त्यांच्यात खास नाव आहे. भांडणाचा सगळा रंगच गेला. आणि 'कॅथार्सिस'! करुणा आणि भीती मनातून वाहून जाऊन मन हलकं होणं. मी म्हटलं, म्हणजे एरंडेल. हे म्हणाले, अगदी बरोबर, तो मूळचा वैद्यांचाच शब्द आहे. वन्सं, लहानपणी तुम्ही दर रविवारी चंदूचं नाक दाबून त्याला कॅथार्सिस पाजत होता. आता भोगा.

इथवर घरातल्या घरात होतं. पण गणपतीचं नाटक ठरवायला मंडळाची मीटिंग भरली. (गणपती इथे तिथीला नाही, शनिवारी येतो. यंदा १३ सप्टेंबरला हॉल मिळालाय.) मंडळात दरवर्षी एकच रडगाणं: अमक्याच्या बायकोला सात वाक्यं, माझ्या बायकोला पाचच, मग आम्ही वेगळं मंडळ काढतो. आमचे अध्यक्ष अतुल डोकं धरून बसले होते. तेवढ्यात तुमचे बंधुराज उठले आणि म्हणाले, ग्रीकांनी हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी सोडवलाय. कोरस! बारा माणसं, सगळ्यांना तीच वाक्यं, एकाच वेळी. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. अतुल उठून ह्यांच्या गळ्यातच पडले. मुख्य पात्रं तीनच: राजा हे स्वतः, दूत मी (मला विचारलं नाही, यादीत नाव दिसलं), आणि शेवटी यंत्रातून खाली उतरून सगळा गुंता सोडवणारा देव, तो अतुल. नाटक ह्यांनीच लिहिलं. गोष्ट अशी की एका नगराचा राजा बोलायचा बंद झालाय. विहिरी आटल्यात, मधमाश्या उडून गेल्यात, आणि लोक महालासमोर येऊन विचारतायत की राजाला झालंय काय. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. म्हटलं, असेल काही ग्रीक लोकांचं.

आता कोरसमध्ये कोण? नोकरीवाल्यांना वेळ नाही. वेळ कुणाला, तर मुलांकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आईवडिलांना. तुम्ही आला होता ना त्या उन्हाळ्यात, आठवतंय? मुलगा-सून ऑफिसला, नातवंडं कॅम्पला, गाडी चालवता येत नाही, फुटपाथ नाही, रस्त्यावर बोलायला कुत्रंसुद्धा नाही. अशी बारा जणं गोळा झाली. त्यांचे नेते नागपूरचे गुरुनाथराव, वीज मंडळातून रिटायर झालेले, आवाज असा की माइकची गरज नाही. पहिल्याच तालमीला ह्यांनी नियम सांगितला: कोरसचा प्रवेश, त्याला पॅरोडॉस म्हणतात, तो एकदा झाला की कोरस नाटक संपेपर्यंत बाहेर जात नाही. बाहेर पडणं म्हणजे एक्झोडॉस, ते एकदम शेवटी. बारा जणांनी माना डोलावल्या. आणि वन्सं, त्यांनी ते अक्षरशः घेतलं! गेला महिनाभर त्यांची मुलं ऑफिसला जाताना त्यांना आमच्या ड्राइव्हवेत उतरवून जातात आणि संध्याकाळी घेऊन जातात, अगदी डे-केअरसारखं. "काकू, आईबाबांची प्रॅक्टिस आहे ना!" म्हणतात आणि गाडी रिव्हर्समध्ये टाकतात, मी तोंड उघडायच्या आत.

बरं, ते नुसते बसतील तर शपथ. कोरसचं काम जे घडेल त्यावर भाष्य करणं. मी फोडणी टाकली की दारातून बारा आवाज: "मोहरी तडतडली, पण हिंग कुठे आहे? हाय रे दैवा!" कोरस उजवीकडे सरकत गातो ती स्ट्रोफी, डावीकडे सरकत गातो ती अँटिस्ट्रोफी, म्हणजे आधी सगळे गॅसकडे येतात, मग सगळे सिंककडे जातात, आणि मी मध्ये कढई धरून. आणि एका सुरात बोलायचं म्हणजे काय बोलायचं ते आधी ठरायला हवं ना? ही सगळी आयुष्यभर कमिट्यांवर बसलेली माणसं. गुरुनाथराव ठराव मांडतात, दुसरं कुणी अनुमोदन देतं, सातारकर-नागपूरकर एकमेकांच्या दुरुस्त्या हाणून पाडतात, आणि मग मंजूर झालेलं वाक्य बारा जण आकाशाकडे हात करून म्हणतात. तोवर माझी भाजी करपलेली असते. मग त्यावर नवा ठराव.

कोरसचा खर्च करणाऱ्या नगरशेठाला कोरेगॉस म्हणत, तो मान ह्यांनी स्वतःकडे घेतलाय. मानाचे कोरेगॉस हे, आणि चौदा माणसांच्या पोळ्या लाटणारी कोण ते तुम्हाला सांगायला नको. मुखवटे दुधाच्या प्लास्टिकच्या कॅनचे केले, कापून, रंगवून, तोंडाला हे एवढं भोक. ते झाल्यावर बायका म्हणाल्या, चेहराच दिसणार नसेल तर व्हिडिओत आम्हाला ओळखणार कोण? म्हणून आता प्रत्येक मुखवट्याच्या कपाळावर मार्करने नाव आहे, आणि एकीच्या कपाळावर नावाखाली 'मुक्काम फ्रिस्को, थोरल्याकडे. सध्या धाकट्याकडे' असंही.

आणि आता यंत्र. देवाला वरून उतरवायला ग्रीकांकडे एक मोठी यारी, म्हणजे क्रेन, होती. आमच्याकडे गॅरेज आहे. तुम्हाला आमचा सागवानी झोपाळा आठवतो? लग्नात बाबांनी दिलेला, पितळी कड्यांचा, सामानाबरोबर बोटीने आलेला. इथली छतं पुठ्ठ्याची, म्हणून तो कायम गॅरेजच्या भिंतीला टेकून राहिला. किती वर्षं सांगतेय, कुठेतरी टांगा हो. 'हं.' तो झोपाळा ह्यांनी तुळईला कप्पी लावून, गॅरेजचं दार उघडणाऱ्या मोटरला दोराने बांधला. दार खाली आलं की झोपाळा वर, दार वर गेलं की झोपाळा खाली. माझ्यासाठी टांगला नाही, देवासाठी टांगला! (मी काही बोलले नाही. म्हणजे दोनच दिवस बोलले.) त्यातून शेजारच्या डोरोथीबाईंच्या रिमोटनेही आमचं दार उघडतं. त्या चर्चला निघाल्या की आमचा देव बोलावल्याशिवाय खाली यायचा, अर्धा हवेत 'भक्तांनो' म्हणत.

तर परवाचा गुरुवार. न्यूयॉर्कपासून इकडे सगळ्यांचीच वीज गेली ते तुमच्याकडे बातम्यांत दाखवलंच असेल. दुपारी चारच्या सुमाराला आमची रंगीत तालीम चालू होती. अतुल ऑफिसातून पळून आले होते. पीतांबर नेसून, मुकुट घालून झोपाळ्यावर बसले. दार खाली आलं, देव वर गेला, आणि खट्ट! दिवे गेले, मोटर बंद, बंद गॅरेजमध्ये काळाकुट्ट अंधार.  मग गुरुनाथरावांच्या तोंडून इतका प्रेमळ उद्गार निघाला की मी तसा त्यांच्या सुनेबद्दल कधी ऐकला नव्हता: "लोडशेडिंग!" बारा जण आनंदाने ओरडले. अहो, काहींनी टाळ्या वाजवल्या. इतके दिवस परक्या देशात अवघडून बसलेली माणसं एकदम आपल्या घरी आल्यासारखी सैल झाली, पदराने वारा घ्यायला लागली, कुणी शेंगदाणे काढले.

वर अतुल मात्र किंचाळत होते. मोटरला एक लाल दोरी असते, ती ओढली की दार मोकळं होतं. पण दार मोकळं म्हणजे देवही मोकळा. दोरी ओढावी की नाही यावर ठराव आला. दुरुस्ती आली. देवाचं मत घ्यावं अशी उपसूचना आली, पण देव कोरसचा सभासद नाही म्हणून ती फेटाळली. अतुलनी घाबरून तोंडाला येईल ते बोलायला सुरुवात केली आणि त्यांच्या तोंडाला काय येणार, तर आभारप्रदर्शन: किराणावाले, घरांचा दलाल, हॉलची किल्ली देणारे, सगळ्यांचे आभार मानून झाले. आणि ते संपल्यावर, वन्सं, राजा बोलला.

ते भाषण आम्ही कुणीच ऐकलं नव्हतं. विचारलं की हे म्हणायचे, अजून लिहितोय. पूर्ण नाटकभर राजा गप्प असतो आणि मीच दूत होऊन बाहेर येऊन सांगते की राजा बसलाय, राजा खिडकीबाहेर बघतोय. अंधारात ह्यांचा आवाज आला, हळू, पाठ केलेला: "नगरजनहो, राजा बहिरा नव्हता. महालातली डावीकडची चूल मंद झाली ते त्याने ऐकलं. दारचं निळ्या फुलांचं झाड वाळलं ते ऐकलं. एका दुपारी राणीला तिच्या आईची आठवण आली आणि ती भिंतीशी बोलल्यासारखी बोलली, तेही ऐकलं. तिचा झोपाळा किती वर्षं भिंतीला टेकलाय ते रोज ऐकलं. ज्याला विचारायला कुणी येत नाही तो कशाचा राजा, या लाजेने त्याची जीभ जड झाली होती. पण ती बोलत राहिली म्हणून तो वेडा झाला नाही." आणि मग म्हणाले, "पुढचं अजून लिहायचंय."

ह्यांच्याकडे ओळखीच्या क्षणाला एक शब्द आहे, अनॅग्नोरिसिस. माणसाला एकाएकी कळतं की आपण कुणासमोर उभे आहोत. मला तेव्हा शब्द आठवला नाही. मला रडू आलं. दुधाच्या कॅनचा मुखवटा होता म्हणून बरं; कुणाला दिसलं नाही, फक्त हनुवटीपाशी पाणी साठलं. आणि कोरसकडून? भाष्य नाही, ठराव नाही. गुरुनाथरावांनी नुसतं नाक शिंकरलं.

एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून डोरोथीबाई टॉर्च घेऊन आल्या, आम्ही जिवंत आहोत का बघायला. उजेड पडला तर काय! आमचे देव डोळे मिटून, झोपाळ्याच्या कड्या घट्ट धरून लटकलेले, आणि त्यांचे पाय आमच्या डीप फ्रीझरच्या झाकणाच्या जेमतेम वीतभर वर. पाय खाली सोडला असता तर उतरले असते. डोरोथीबाईंनी हात दिला, ते फ्रीझरवर उतरले, फ्रीझरवरून स्टुलावर, स्टुलावरून जमिनीवर, आणि मुकुट सावरत म्हणाले की हे नाटकात असंच ठेवू. मग जे हसू फुटलं ते हसता हसता अर्धे लोक रडत होते. एरंडेलाशिवाय एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. डोरोथीबाई आता तेरावी कोरस आहेत. 'हाय रे दैवा' त्या फार सुरेख म्हणतात, फक्त 'दैवा' त्यांच्या तोंडून चर्चला पोचतो.

तर असं सगळं आहे. माझा पुदिना तुडवला गेला, गॅरेज गेलं, पोळ्या लाटून मनगट सुजलंय आणि गाडी उन्हात उभी आहे. तेव्हा वन्सं, तुम्ही मोठ्या आहात, ह्यांना दोन शब्द खडसावून सांगा की हा तमाशा पुरे. भाच्यांना आशीर्वाद, तुम्हाला पुन्हा नमस्कार.

तुमची,
शैला

ता. क. : लगेच फोन करून खडसावू नका. १३ सप्टेंबर होऊन जाऊ दे.

ता. क. दुसरा : खरं म्हणजे खडसावूच नका. माझं दुसरंच काम आहे. तेरा तारखेला नाटक संपेल, कोरस एक्झोडॉस करेल, थंडी सुरू होताना सगळे आपापल्या विमानांत बसतील, आणि खिडकीपाशी ती खुर्ची अजून तिथेच आहे. मी ती बेसमेंटमध्ये नेऊन ठेवली होती, पण हे परत घेऊन आले. वन्सं, ग्रीकांकडे म्हणे एकेक कवी एका दिवशी तीन शोकनाटकं करायचा आणि वर चौथं धमाल, बोकडाच्या शेपटीवाल्यांचं. तुम्ही फोनवर सहज विचारल्यासारखं विचारा, 'काय रे चंदू, एकच लिहिलंस?' मी विचारलं तर 'हं' म्हणतील आणि ते 'हं' मला आता सोसायचं नाही. पोळ्यांचं मी बघते.

ता. क. तिसरा (अक्षर गुरुनाथरावांचं) : पत्र ओट्यावर उघडं होतं, चष्मा शोधताना वाचनात आलं. कोरसने सभा घेऊन एकमताने ठराव केला आहे की कुणाचाही व्हिसा संपला तरी जागेवर बदली माणूस पाठवला जाईल, आणि वहिनींच्या आमटीत मीठ बरोबर असतं. डोरोथीबाईंचं अनुमोदन.

ता. क. चौथा : ताई, पाकिटावर तिकीट लावायला शैलाने माझ्याकडे दिलं. दुसरं नाटक लिहून झालंय, तिसऱ्याचा कोरस चाललाय. पण तू फोन करून विचारच. मी स्पीकर लावीन. ती झोपाळ्यावर बसलेली असेल, तिथपर्यंत ऐकू जातं. तुझा, चंदू.